रुपयाला किती शेर?

इंदापूर तालुक्यात कापूस फारसा पिकत नव्हता. भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधला हा कोरडा मुलूख. ज्वारी, बाजरी, थोडी करडई, आणि पाऊस झाला तर झाला. तरीही १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या कापसाने इथल्या ज्वारीचा भाव बदलला. त्या चढलेल्या भावाकडे बघून सरकारने १८६७ मध्ये तालुक्याचा शेतसारा वाढवला. भाव पुढे उतरले, सारा उतरला नाही. आणि आठ वर्षांनी पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत शेतकरी सावकारांच्या दारात कर्जरोखे जाळत उभे होते.

जागतिकीकरण आणि महागाई हा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा १९९१ पासून सुरू होते. डॉलर, कच्चं तेल, पामतेल, परकीय गंगाजळी वगैरे. पण दख्खनच्या पठाराने जागतिक बाजारातून आलेली महागाई त्याच्या सव्वाशे वर्षं आधी पाहिली होती, आणि ती गोष्ट आज पूर्ण झालेली असल्यामुळे तिचं तिन्ही टोकांनी निरीक्षण करता येतं: महागाई आली कशी, पसरली कशी, आणि गेल्यावर मागे काय ठेवून गेली. यातला तिसरा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

उलटा आलेख

त्या काळच्या किमती वाचताना आधी एक सवय मोडावी लागते. आपण म्हणतो, ज्वारी चाळीस रुपये किलो. तेव्हा म्हणत, रुपयाला इतके शेर. रुपया जागेवर, धान्य हलतं. बाजारातल्या या दराला 'धारण' म्हणत. म्हणजे जुने तक्ते स्प्रेडशीटमध्ये भरून आलेख काढला, तर महागाईच्या वर्षांत रेघ वर न जाता खाली जाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, छान, स्वस्ताई आली!

ही निव्वळ मोजण्याची पद्धत असली तरी ती सामान्य माणसाच्या नजरेला जास्त जवळची होती. महिन्याला ठरलेले रुपये मिळवणाऱ्या कारकुनाला 'ज्वारी किती टक्क्यांनी वाढली' याचा हिशोब करावा लागत नसे. त्याच रुपयात मागच्या वर्षीपेक्षा इतके शेर कमी आले, एवढं त्याला थेट दिसे. महागाई त्याच्या हातातल्या पिशवीच्या वजनात मोजली जात होती.

दुसऱ्यांचं युद्ध

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि त्याच महिन्यात लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ब्रिटनच्या कापड गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस याच बंदरांतून येत असे. गुलामांच्या श्रमावर पिकलेला, लांब धाग्याचा, स्वस्त कापूस. तो थांबला आणि लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडू लागल्या. लाखो कामगारांवर उपासमारीची वेळ आली. गिरणीवाल्यांनी जगभर शोध सुरू केला, आणि सगळ्यात मोठा साठा सापडला तो पश्चिम हिंदुस्थानात.

या कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत, मग तो गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा. धागा आखूड, त्यात माती, सरकी, कधी मुद्दाम मिसळलेला कचरा. अमेरिकन कापसासाठी जुळवलेल्या यंत्रांवर तो सारखा तुटायचा. लँकेशायरच्या एका प्रार्थनेत 'देवा, कापूस पाठव' असं म्हटल्यावर मागून कोणीतरी 'पण सुरत नको' अशी पुस्ती जोडली, असा किस्सा सांगतात. भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

पण पर्याय नव्हता, म्हणून भाव चढत गेले. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापूस युद्धाआधीच्या चौपटीवर पोचला. मुंबईत जुन्या गाद्या उसवून त्यातला कापूस विकल्याच्या कथा त्याच काळातल्या. नेहमीच्या भावाने जेवढे पैसे आले असते त्याच्या वर, निव्वळ जादा म्हणून, या चार-पाच वर्षांत मुंबईला सात ते आठ कोटी पौंड मिळाले असा अंदाज केला जातो. एका पौंडाला दहा रुपये या तेव्हाच्या हिशोबाने सत्तर-ऐंशी कोटी रुपये.

चांदी खाली झिरपते

आता खरा प्रश्न. हे पैसे आले कशाच्या रूपात?

इंग्लंडमध्ये तयार होणारा माल हिंदुस्थानात एकाएकी इतका खपणार नव्हता. त्यामुळे कापसाची किंमत मोठ्या प्रमाणावर थेट सोन्या-चांदीत चुकती झाली. तेजीच्या ऐन वर्षांत देशात येणारं निव्वळ सोनं-चांदी वर्षाला दोन कोटी पौंडांच्या घरात होतं. आणि तेव्हा रुपया म्हणजेच चांदी होती. टांकसाळ सगळ्यांना खुली होती. कोणीही चांदी घेऊन जावी, ठरलेली पाडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन बाहेर पडावं. किती रुपये पाडायचे हे ठरवणारं कोणी नव्हतं. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये आली. आज परदेशातून डॉलरचा लोंढा आला तर रिझर्व्ह बँक रोखे विकून बाजारातले जादा रुपये काढून घेऊ शकते. १८६३ मध्ये असा बांध नव्हता. जहाजातून उतरलेली चांदी काही आठवड्यांत नाणं होऊन बाजारात फिरायला लागायची.

तिथून ती तीन वाटांनी आत गेली.

पहिली वाट कापसाच्या मुलखातून. वऱ्हाड, खानदेश, नागपूरकडचा भाग. शेतकऱ्यांनी बैलगाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा कहाण्या तिकडे सांगितल्या गेल्या. त्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी हातात पैसा खेळत होता हे खरं. कापसाचा पेरा वाढला. जिथे कापूस वाढला तिथे ज्वारीला जमीन कमी राहिली, आणि पैसा असलेला शेतकरी धान्य विकत घेऊ लागला.

दुसरी वाट मजुरीची. याच वर्षांत सह्याद्री फोडून रेल्वे वर चढत होती. बोरघाटाच्या कामावर एका टप्प्याला चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. १८६३ मध्ये घाट पुरा झाला. पुढे रस्ते, पूल, सरकारी इमारती, मुंबईतले भराव. ही मजुरी रोख होती. गावात बलुत्याने, धान्याच्या वाट्याने जगणारा माणूस पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला रुपये मोजत होता, आणि त्या रुपयांनी बाजारातून धान्य घेत होता.

तिसरी वाट रेल्वेची, आणि इंदापूरपुरती हीच सगळ्यात मोठी. पुणे-सोलापूर लोहमार्ग इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेने, भिगवणवरून जातो. त्याआधी ज्वारी बैलगाडीने किंवा बैलांच्या पाठीवर जायची. वाहतुकीचा खर्च धान्याच्या किमतीपेक्षा जड व्हायचा, म्हणून एका तालुक्यात स्वस्ताई आणि शंभर मैलांवर टंचाई असं चित्र नेहमीचं असे. घाट जोडला गेल्यावर ही भिंत ढासळली. मुंबईत भाव चढला की तो रुळांवरून उलटा प्रवास करत भिगवणपर्यंत यायचा. माल पाठवायचीसुद्धा गरज नसे. व्यापाऱ्याला मुंबईचा दर कळला की पुरे.

म्हणून कापूस न पिकवणाऱ्या इंदापूरला कापसाची महागाई लागली. जागतिक बाजाराशी जोडलं जाणं म्हणजे आपला माल तिकडे जाणं, एवढाच अर्थ आपण लावतो. तिकडचा भाव आपल्याकडे येणं हा त्याच दाराचा दुसरा उपयोग.

कोणाला आधी, कोणाला उशिरा

ही वर्षं रयतेला वाईट गेली असं म्हणणं चुकीचं ठरेल. ज्याच्याकडे खाऊन-पिऊन विकायला धान्य उरत होतं, त्याच्यासाठी हा काळ सुखाचा होता. मजुरीही वाढली. पण नवा पैसा सगळ्यांच्या हातात एकाच दिवशी पडत नाही. आधी तो कापसाचा दलाल, अडत्या, निर्यातदार पेढी यांच्याकडे येतो. ते जुन्या भावाने खरेदी करतात. मग शेतकरी, कंत्राटदार, मजूर. सगळ्यात शेवटी शाळामास्तर, कारकून, पेन्शनर, देवळाचा पुजारी, ठरीव पगारावरचा शिपाई. त्यांच्यापर्यंत पैसा पोचतो तेव्हा भाव आधीच चढलेले असतात. महागाईचा आकडा सगळ्यांना एकच दिसतो, पण रांगेत तुम्ही कुठे उभे आहात यावर ती तुम्हाला श्रीमंत करते की गरीब, हे ठरतं.

मुंबईत रांगेच्या पहिल्या टोकाला जे चाललं होतं ते प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पैसा इतका होता की गुंतवायला जागा नव्हती. बँका, फायनान्शियल असोसिएशन्स, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या रोज निघत होत्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद हे या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार भरली.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपल्याची बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते. त्या दिवशी शहराचं दिवाळं वाजलं. १८६८ मध्ये खुद्द बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. १८७२ च्या जनगणनेत शहराची वस्ती ६ लाख ४४ हजारांवर आली होती.

मुंबईची गोष्ट इथे संपते. दख्खनची इथून सुरू होते.

हार्डकोड केलेला आकडा

कापूस १८६५ मध्ये पडला, पण पठारावर धान्याचे भाव लगेच पडले नाहीत. काही वर्षं पाऊस कमी होता, रेल्वेचं आणि सरकारी बांधकाम चालू होतं, चांदी बाजारात फिरतच होती. भाव खऱ्या अर्थाने उतरले ते १८७० नंतर. मधली ही चार-पाच वर्षं फसवी होती. महागाईचं कारण संपलं होतं, पण महागाई अजून दिसत होती.

आणि नेमकी याच मधल्या काळात जमिनीच्या फेरमोजणीची तारीख आली.

रयतवारी पद्धतीत शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्या मोजणीची सुरुवात केली होती. जमिनीची प्रत ठरवायची, त्यावर सारा ठरवायचा, आणि तो तीस वर्षं कायम ठेवायचा. हेतू चांगला होता. शेतकऱ्याला तीस वर्षांची खात्री मिळाली की तो विहीर खणेल, जमीन सुधारेल. तीस वर्षं १८६७ च्या सुमारास संपली. अधिकाऱ्यांनी नवे दर ठरवताना चालू भाव बघितले, रेल्वे आलेली बघितली, लागवड वाढलेली बघितली, आणि सारा सरासरीने जवळजवळ दीडपट केला. पुढे भीमथडी, हवेली वगैरे तालुक्यांतही असंच झालं.

आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात. जो आकडा दर वेळी बाहेरून वाचायला हवा, तो प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहून टाकायचा. लिहिताना तो बरोबरच असतो. बाहेरची परिस्थिती बदलते तेव्हा प्रोग्रॅमला ते कळत नाही. १८६७ चा भाव असाच पुढच्या तीस वर्षांच्या साऱ्यात लिहिला गेला.

सारा रोख रुपयांत होता, हे इथे महत्त्वाचं. रुपयाला शेर कमी असताना साऱ्यासाठी थोडं धान्य विकून भागायचं. धारण उतरली, रुपयाला शेर वाढले, की तेवढाच सारा भरायला जास्त पोती विकावी लागली. शहरातल्या ज्या कारकुनाला स्वस्ताईने हायसं वाटलं, त्याच स्वस्ताईने शेतकऱ्याचा कर न वाढवता वाढवला.

कर्जाचंही तसंच. तेजीत शेतमालाला भाव होता, जमिनीला किंमत आली होती, म्हणून सावकार सढळ हाताने देत होते. त्यांनाही वरच्या पेढ्यांकडून पैसा मिळत होता. मुंबई बसल्यावर तो झरा आटला. सावकाराने नवीन कर्ज थांबवलं आणि जुनं वसूल करायला सुरुवात केली. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत करायचा, असं ठरवलेलं. हा कायदा ऋणकोच्या बचावासाठी होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि साचलेलं व्याज मुद्दलात जाऊन बसू लागलं. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं.

कागद

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्याकडे काम नाही, त्याच्या दुकानातून खरेदी नाही, न्हावी नाही, पाणक्या नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारच्या दिवशी (सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे) जमलेल्या लोकांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरलं.

या दंगलींचं वैशिष्ट्य तपासणाऱ्या सरकारी आयोगाच्याही लक्षात आलं. माणसांना इजा करण्यावर भर नव्हता. मागणी एकच असायची: रोखे बाहेर काढा. सावकाराने कागद दिले तर बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटायचं, आणि कागदांची होळी व्हायची. म्हणजे ज्या गोष्टीत जुना चढा भाव अडकून बसला होता, तीच लोकांनी नेमकी ओळखली होती.

सावकारांपैकी बरेचसे मारवाडी आणि गुजराती होते, बाहेरचे होते, म्हणून राग त्यांच्यावर निघाला. पण सावकार स्वतः त्याच कोसळत्या साखळीतली मधली कडी होता. सारा वाढवणारं सरकार दूर होतं आणि त्याच्या कचेरीतले कागद जाळणं परवडणारं नव्हतं. कारण सातासमुद्रापलीकडे असतं आणि चेहरा शेजारच्या गल्लीत सापडतो, हे बाहेरून आलेल्या महागाईचं एक जुनं लक्षण आहे.

इतिहासकारांमध्ये यावर एकमत नाही. खुद्द आयोगातच साऱ्याचा वाटा किती यावर मतभेद होते. काहींच्या मते दंगलींचं महत्त्व फुगवलं गेलं. कापसाची तेजी हेच एकमेव कारण असं मीही म्हणत नाही. सावकारी, दिवाणी न्यायालयं, जमिनीचे तुकडे, पाऊस, सगळं त्यात आहे. पण भाव चढा असताना केलेले दीर्घ मुदतीचे करार भाव उतरल्यावर गळफास होतात, हा धागा या सगळ्यांतून जातो. सरकारलाही तो कळला होता. पुणे सार्वजनिक सभेसारख्या संस्था वाढीव साऱ्याचा प्रश्न मांडत होत्या, आणि ऑक्टोबर १८७४ मध्ये, म्हणजे दंगलीच्या आधीच, मुंबई सरकारने साऱ्यातल्या वाढीला मर्यादा घातली: गावांच्या एका गटासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६, एका खातेदारासाठी १००. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. मधल्या १८७६-७८ च्या दुष्काळात मात्र ज्यांना उशीर सोसवला नाही, ते गेले.

तीच रचना, दुसरं शतक

ही रचना एकदा दिसली की ती इतरत्रही ओळखू येते. १९७० च्या दशकात मेक्सिकोत मोठे तेलसाठे सापडले, तेलाचे भाव चढे होते, आणि बँका कर्ज द्यायला रांगेत उभ्या होत्या. मेक्सिकोने डॉलरमध्ये, बदलत्या व्याजदराने भरपूर कर्ज काढलं. मग अमेरिकेने स्वतःची महागाई आटोक्यात आणायला व्याजदर वाढवले, तेल नरम झालं, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते भरता येणार नाहीत असं जाहीर केलं. पेसो कोसळला. वर्षअखेर महागाईचा दर १०० टक्क्यांच्या जवळ गेला. इथे भाव उतरल्यावर उरलेला कागद डॉलरचा होता, एवढाच फरक.

विकसनशील देशांत जागतिकीकरणाने महागाई वाढते की कमी होते, हा वाद अर्थशास्त्रात चालू आहे. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. स्वस्त आयातीने किमती दबतात, आणि तीच दारं उघडी असल्यामुळे परक्या युद्धाची, परक्या पावसाची महागाई आत येते. मला त्या वादापेक्षा इंदापूरचा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो. भाव वर असताना कोण कोणाशी किती वर्षांचा करार करतंय? आणि भाव खाली आला तर तो करार बदलायचा अधिकार कोणाकडे आहे?

२०२२ च्या सुरुवातीला जागतिक टंचाईमुळे महाराष्ट्रात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. शेतकऱ्यांनी तो पाहिला, बँकांनी पाहिला, बियाण्याच्या आणि औषधांच्या दुकानदारांनीही पाहिला. पुढच्या दोन हंगामांत तो सात-आठ हजारांवर आला. भावाची बातमी झाली. त्या एका वर्षाच्या भावावर विसंबून काढलेल्या ट्रॅक्टरच्या हप्त्यांची होत नाही. ते अजून चालू असतील.